मु. पो. नावडे, जि. रायगड

गुंजवणे, शुक्रवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पनवेलहून स्वारगेट, पुढे नसरापूर फाट्याला वळून मार्गासनी, साखर आणि मग गुंजवणे. शेवटच्या टप्प्यात जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, तेवढं सोडलं तर प्रवास झकास झाला. काल दत्तजयंती आणि मार्गशीर्षातला गुरुवार एकदमच आले, त्यामुळे आई, तुझी किती धावपळ झाली असेल ते कळतंय. प्रसादाचा डबा इथे दहा मिनिटांत फस्त झाला.

बाबा, तुम्ही पत्ता घालून दिलेली अंतर्देशीय पत्रं बघून ग्रुपमधली पोरं आधी हसली, मग एकाने हळूच विचारलं, ‘हे अजून मिळतं?’ तोरणा उतरल्यावर रायगडवाडीपर्यंत मोबाइलवर भिस्त ठेवू नका, असं लीडरने सांगितल्यावर मात्र दोघांनी एकेक मागून घेतलं. तुमच्या अक्षरातला पत्ता बघत बसले होते. तुम्ही तळोज्याला कंपनीत लागलात तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, १९८१ पासून रायगड झाला. म्हणजे इतकी वर्षं आपल्या दारात पडलेल्या प्रत्येक पाकिटावर त्या गडाचं नाव आहे, आणि मी तिथे गेले ती शाळेच्या सहलीत, बसमध्ये उलट्या करत. आता राजगडावरून निघून डोंगराच्या धारेने तोरणा, मग सह्याद्रीची भिंत उतरून कोकणात आणि शेवटी रायगड, असं पायी जायचंय.

दादाने पेरूहून माचू पिच्चूचे फोटो पाठवले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘आपल्याकडे हे नाही का?’ म्हणूनच तर निघाले! त्यांच्याकडे त्या इंका वाटेवर दिवसाला पाचशेच माणसं सोडतात, त्यातही वाटाडे आणि हमाल धरून. वाटाड्याशिवाय जाताच येत नाही, आणि फेब्रुवारीत वाट दुरुस्तीला अख्खी बंद. आपल्याकडे सुटीच्या दिवशी राजगडाच्या चोरदरवाजाच्या खडकावर रांग लागते, वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच रेलिंगला लटकलेले असतात. मला विचाराल तर शनिवार-रविवारपुरता तरी तो नियम इथे लावावा. वाटाड्याची सक्ती केली तर उत्तमच, गावात चार पैसे राहतील.

आमचे वाटाडे मामा साठीच्या घरातले. पायात प्लास्टिकचे बूट, कमरेला कोयता. लीडरकडे जीपीएस आहे, पण वळण आलं की तोही मामांच्याच तोंडाकडे बघतो. मामांनी नाव-गाव काही विचारलं नाही, सगळ्यांच्या बाटल्या हातात घेऊन वजन बघितलं. म्हणाले, ‘गडावर आधी पाणी दाखवतो, वाडे मागनं.’ बाबा, तुमच्या कपाटातल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी हेच सांगितलंय ना? आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. जागा मोक्याची असून पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करा, आणि एका झऱ्याच्या भरवशावर राहू नका. मामांनी आज्ञापत्र वाचलं असेल असं वाटत नाही.

जेवायला पिठलं, भाकरी आणि वाफाळता भात. आता झोपते.


भुतोंड्याच्या वाटेवरची खिंड, शनिवार

ती. बाबा,

सनावळ्या तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे राजगडावरचा राजाराम महाराजांचा जन्म आणि शिवाजी महाराजांचं आग्र्याहून परत येणं हे लिहीत नाही. बघितलं तेवढंच लिहिते.

चोरदरवाजातून वाकून आत शिरलं की मान वर काढताक्षणी समोर पद्मावती तलाव. मामा खूश. ‘राजवाडा कुठं होता यावर पंडित भांडत्यात,’ म्हणाले, ‘तळ्यावर कोण भांडत न्हाई.’ बालेकिल्ल्यावर, म्हणजे गडाच्या पार डोक्यावर, चंद्रतळं आहे, तिथेही डिसेंबरात पाणी. सदरेवर मात्र जोती तेवढी उरलीत. लाकूड, कौल, माणसं, सगळं गेलं. खडकात खोदलेलं तेवढं शाबूत. सकाळपासून हेच दिसतंय.

पण दिवस खरा गेला तो संजीवनी माचीवर. गडाची ही सोंड दोन-अडीच किलोमीटर लांब पश्चिमेला गेलीय, आणि तिला तटाच्या आत आणखी एक तट आहे. मधे इतकी अरुंद बोळ की सॅक घेऊन वळायला गेलं की खांदा घासतो. आतल्या भिंतीत एक काळोखं दार, त्यातून उभ्या पायऱ्या खाली बोळीत उतरतात. प्रत्येक पायरी गुडघ्याएवढी, आणि एका वेळी एकच माणूस मावेल. बुरूजही तसेच, बाहेरच्या बुरुजाच्या पोटात दुसरा. याला चिलखती बुरूज म्हणतात. तोफेने बाहेरचा कोसळला तरी आतला उभा, आणि खिंडारातून जो आत घुसेल तो त्या बोळीत सापडणार, वरून दगड खात. मी तिथे खाली उभी राहून वर बघितलं तर आभाळाची एक फीत दिसत होती. तटातच शौचकूप आहेत, पहारेकऱ्याला जागा सोडावी लागू नये म्हणून. पुस्तकांतून लढाया पानोपानी असतात, याबद्दल कुणी ओळभर लिहीत नाही.

माचीच्या टोकाला बसून मामांनी हिशेब समजावला. टाकं खोदायचं, त्यातून निघालेला दगड तटाला लावायचा. एका घावात दोन कामं. चुना आणि लाकूड तेवढं खालून आणायचं. दादाच्या फोटोंतलं माचू पिच्चू पंधराव्या शतकातलं, तिथेही डोंगरातला झरा सुमारे साडेसातशे मीटर दगडी पाटातून गावात आणलाय आणि ओळीने सोळा हौदांतून खाली खेळवलाय, असं त्याने लिहिलं होतं. तो पाट आजही वाहतो. एवढ्या लांबच्या गवंड्यांचं आणि आपल्या गवंड्यांचं इतकं जमावं याची गंमत वाटली.

आळू दरवाजातून उतरलो आणि मग धार. दोन्ही बाजूंना दरी, कारवीची वाळकी झुडपं, सावली नावाला नाही. उरलेलं पाणी मामा घोट मोजून देत होते. खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, तिथल्या घरी मुक्काम. उद्या सकाळी वेल्ह्याला दुधाची गाडी जाते, तिच्याबरोबर ही दोन्ही पत्रं पोस्टात पडतील. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण गाडीवाला वेल्हेच म्हणतो.


मोहरी, सोमवार

ती. आई,

हे पत्र तुला, कारण बाबांना लिहिण्यासारखं तोरण्यावर पुष्कळ आहे ते मी समोर बसून सांगेन. थोडक्यात एवढंच की १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि आम्ही बुधला माचीच्या बाजूने लोखंडी शिडीवरून वर गेलो. मेंगाईच्या देवळात तुझ्या नावाने नारळ फोडला. जुलैत युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे, रायगड आहे, तोरणा नाही. लीडरने हे सांगितल्यावर मामा रागावले. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला अशी कथा आहे, तिच्या आधारावर म्हणाले, ‘यादीत पोरगा घेतला, आन पैका देणारा बाप राहिला भाईर!’

गड उतरून हारपूडला राहिलो आणि आज मोहरी. सह्याद्रीच्या अगदी काठावरचं गाव, मोजकी घरं, पुढे जमीन संपते. ज्यांच्या घरी उतरलोय त्या मावशी तुझ्याच वयाच्या. अंगण सारवलेलं, कडेला पेंढ्याची उडवी, आत चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या. मी थापायला बसले तर त्यांनी माझी भाकरी उचलून कुत्र्याला घातली आणि ‘तू पाणी भर’ म्हणाल्या. पाणी भरायला टेकाडाखालच्या झऱ्यावर जायचं. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर. मी एकच कळशी आणली ती वाटेत अर्धी सांडली. आत्ता डिसेंबर म्हणून झरा जवळचा. मार्च लागला की हा आटतो आणि लांब जावं लागतं. आपल्याकडे कॉलनीत एक दिवस पाणी आलं नाही की टँकरवरून जिन्यात भांडणं होतात, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘नदी न्हाई का तुमच्याकडं?’ कासाडी आहे, म्हटलं. पुढे काय सांगणार? कारखान्यांच्या पाण्याने नदीची काय अवस्था झालीय ते त्यांना सांगून पटलंही नसतं.

एवढ्या पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी नाही, याचं आधी नवल वाटलं. मामांनी खुलासा केला. पाऊस इथे कोसळतो, पण कातळावर पडून तासाभरात कड्यावरून कोकणात. अडवलं तेवढंच आपलं. गडावर राजाने माणसं लावून अडवलं, गावात कोण अडवणार? आई, किल्ल्यांचं कौतुक करताना माझा घसा कोरडा पडतो, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीची टाकी भरलेली आणि त्याच डोंगरातल्या मावशीचा हंडा रिकामा, हे काही चांगलं दिसत नाही.

संध्याकाळी रायलिंगच्या पठारावर नेलं. समोर लिंगाण्याचा सुळका, मध्ये नुसती हवा. त्याच्या मागे रायगड, सपाट माथ्याचा. आमच्यातली पोरं एकदम गप्प झाली आणि मग एकदम सगळ्यांना सेल्फी हवे झाले.

उद्या बोराट्याच्या नाळेने खाली उतरायचंय. काळजी करू नकोस, हे वाचशील तोवर मी उतरलेली असेन.


महाड, बुधवार

ती. आई-बाबा,

हे पत्र बहुधा माझ्यामागून पोचेल, पण पत्ता घातलेलं कोरं कशाला परत आणू?

नाळ म्हणजे कड्याला वरपासून खालपर्यंत गेलेली चीर. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळतं, बाकीचे दिवस पाण्याने आणून टाकलेले धोंडे पडलेले असतात, काही फ्रिजएवढे, काही हाताएवढे, आणि हातभर जागेत धोंडा हलणारा कुठला आणि न हलणारा कुठला हे मामांनाच ठाऊक. त्यांचा नियम असा, की एकाने उतरायचं, बाजूला कड्याच्या आडोशाला उभं राहायचं, मग दुसऱ्याने. कुणाच्या पायाखालून दगड सुटला तर ‘दगड!’ एवढंच ओरडायचं, आणि कुणीही वर बघायचं नाही. आवाज ऐकून वर बघणारा माणूसच तोंडावर खातो. असे दोन दगड गेले, एक माझ्या पायाखालून. अर्ध्यावर उजवीकडे वळून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवं जावं लागतं, तिथे पाऊलभर वाट आणि डाव्या हाताला खाली कोकण. लीडरने दोर बांधला होता. मामा दोराला हात न लावता, विडी पेटवत गेले. खाली पाने गावात पोचल्यावर सगळ्यांचे गुडघे थरथरत होते. एका घरी न मागता तांब्या भरून ताक आलं.

आज छत्री निजामपूरवरून रायगडवाडीला येऊन चित् दरवाजाने चढलो. बाबा, गड इंग्रजांच्या हाती गेला तो १० मे १८१८ हा दिवस तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतला होता. इंग्रजांच्या तोफांनी गडाला आग लागली, वाडे जळाले. आज राणीवशाच्या जोत्यांवर उभी राहून दादाचे फोटो आठवले. माचू पिच्चू कुणी जाळलं नाही, स्पॅनिश तिथवर पोचलेच नाहीत. माणसं सोडून गेली, गवताची छपरं कुजली, एवढंच. गडावरच्या गाइडने मात्र ‘काळाच्या ओघात’ असं म्हटलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, ओघबिघ नाही, तोफा. शिवाजी महाराजांच्या समाधीचीही आबाळच, झाडोऱ्यात हरवलेली ती १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शोधून साफ केली, म्हणजे मधली पन्नास वर्षं कुणी बघितलंच नव्हतं.

गंगासागर तलाव भरलेला आहे. मामा आमच्याबरोबर इथवर आले होते, खरं तर त्यांचं काम पान्यालाच संपलं होतं. त्यांनी काठावर बसून तोंड धुतलं, जगदीश्वराच्या पायरीवरचं हिरोजी इंदुलकरांचं नाव बोटाने चाचपलं, आणि एसटीचं बघायला निघून गेले. पैसे दिले ते मोजले नाहीत.

तुम्हा दोघांना जानेवारीत आणायचं मी ठरवून टाकलंय. १९९६ पासून हिरकणवाडीहून रोपवे आहे, आईच्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत. फक्त शनिवार-रविवार टाळायचा.

आणि एक वाद तुमच्यासाठी राखून ठेवलाय. गाइड म्हणाला, बाजारपेठेची जोती उंच आहेत ती घोडेस्वारांना घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. कोकणातल्या पावसात कोण शहाणा जोतं बुटकं ठेवेल? आपल्या नावड्याच्या जुन्या गावठाणातल्या घरांना चढायला तीन पायऱ्या लागतात, तिथे कुठे घोडेस्वार यायचे? शिवाय प्रत्येक गाळ्यामागे आणखी खोल्या आहेत, ती दुकानं होती की कारकुनांची घरं, हाही प्रश्नच. दादाचा कौल घ्यायचा नाही, तो घोड्यांच्या बाजूनेच बोलेल. तुमचं मत तयार ठेवा, जेवताना भांडू.

तुमची,
धाकटी