पवनीचा स्तूप आणि तपकिरी बाटली

#थ्रेड

१/ भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी वसले आहे. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी येथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. इतिहासप्रेमींना हे ठाऊक असते. त्या काळच्या छायाचित्रांमागील रसायनाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

२/ उत्खनन करणारा पुरावा शोधतो आणि शोधतानाच तो मोडतोही. काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. उरतात त्या वस्तू, नोंदी, रेखाटने आणि छायाचित्रे. फिल्मवर प्रकाश पडला तरी चित्र अदृश्यच असते. ते दृश्य करतो डेव्हलपर. तो निकामी झालेला असेल तर हाती कोरी फिल्म येते. तोवर थर गेलेला असतो.

३/ म्हणून निवड महत्त्वाची. कोडॅकचा डी-७६ हा १९२७ पासूनचा मापदंड. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. आग्फाचे रोडिनाल त्याहून जुने, १८९१ चे. त्याने चित्राचे कण ठळक दिसतात. पण मूळ द्रावण वर्षानुवर्षे टिकते.

४/ डेव्हलपरचा शत्रू हवा. डी-७६ काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत सुमारे सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी बाटली असेल तर दोनच. म्हणून तपकिरी बाटल्या लहान घ्याव्यात. पातळी खाली गेली की आत काचेच्या गोट्या टाकून ती वर आणण्याचीही रीत आहे. बाटलीवर तारीख हवीच.

५/ दुसरा शत्रू उष्मा. डेव्हलपिंगचे प्रमाण तापमान २० अंश. भंडाऱ्याचा उन्हाळा ४० च्या वर. द्रावण तापले की फिल्मवरील जिलेटिन फुगते, मऊ पडते, प्रसंगी सुटूही लागते. उष्ण प्रदेशांसाठीच्या सूत्रांत सोडियम सल्फेट घालतात, ते ही फुगवट आवरण्यासाठी.

६/ म्हणून जुन्या अहवालातील एखादे छायाचित्र फिके दिसले, तर भिंतच झिजलेली होती असे लगेच मानू नये. दोष छपाईचा असेल, उन्हाचा असेल किंवा अर्ध्या रिकाम्या बाटलीचाही. साधन कसे घडले हे तपासल्यावाचून त्याची साक्ष घेऊ नये. छायाचित्रही त्याला अपवाद नाही.