लेड वाढलं

कंपनीच्या बसमध्ये आमचा मेंढीकोट चालायचा. या खेळात पडलेली पानं डोक्यात ठेवावी लागतात. पेस्टिंग खात्यातले आमचे दादा यात उस्ताद. शेवटचे तीन हात उरले की समोरच्याकडे कुठली पानं आहेत ते सांगायचे. पन्नाशीच्या आसपास ते चुकायला लागले. हुकूम कुठला तेच विसरायचे आणि कुणी आठवण करून दिली की चिडायचे. इतका शांत माणूस पानं टाकून खिडकीकडे तोंड फिरवायचा. "वय झालं," असं बसमध्ये म्हणायचे. "घेत असतील," असंही कुणीतरी म्हणालं. दादा माळकरी होते.

मी त्याच खात्यात होतो. पुण्याजवळच्या एमआयडीसीतला लेड-ॲसिड बॅटरीचा कारखाना. शिशाच्या ऑक्साइडची राखाडी पूड, आम्ल आणि पाणी कालवून लगदा करायचा आणि तो यंत्राने जाळीदार प्लेटांवर भरायचा. ओला लगदा फारसा उडत नाही. सुकलेल्या प्लेटा रचताना, कडा घासताना उडते ती धूळ खरी वैरीण. ती नाकातून फुप्फुसात जाते, आणि हात न धुता तंबाखू मळली की तोंडातून पोटात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्या कामातही ते कॅल्शियमची जागा बळकावतं.

दर काही महिन्यांनी रक्त तपासायचे. रक्तातल्या शिशाचा आकडा चढला की आमच्यात एवढंच बोलायचे, "लेड वाढलं." मग त्या माणसाला पॅकिंगला पाठवायचे. तिथे धूळ नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत आकडा उतरायचा, आम्ही 'सुटला' म्हणायचो आणि तो परत पेस्टिंगला यायचा. हाडांत साठलेलं शिसं दशकानुदशकं तिथे राहतं आणि थोडंथोडं रक्तात उतरत राहतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पॅकिंगला गेलं की खात्याचा भत्ता आणि ओव्हरटाइम बुडायचा. म्हणून तपासणीच्या तोंडावर लोक रजा टाकायचे, गूळ खायचे, दूध प्यायचे. गूळ तर कंपनीच वाटायची.

माझं लेड वाढलं तेव्हा पोट आवळून दुखायचं, झोप उडाली होती. ते सोसलं असतं. भीती वाटली ती नोंदवहीची. बॅचचा चार आकडी नंबर पाटीवर वाचायचा आणि वहीत उतरवायचा, एवढंच काम. पाटीवरून वहीकडे मान वळेपर्यंत नंबर पुसला जायचा. पेनने तळहातावर लिहून घ्यायला लागलो, तर हातमोज्यातल्या घामाने तोही फिसकटायचा.

कामगार विमा रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी औषधाआधी विचारलं, "काम काय करता? कुठल्या खात्यात? किती वर्षं?" आणि मग, "कामाचे कपडे कुठे धुता?" घरीच धुवायचो. बायको वेगळे धुवायची, पण मोरी तीच आणि धाकटी तिथेच पाण्यात खेळायची. बाईंनी तिचंही रक्त तपासायला लावलं, कारण लहान मुलाच्या मेंदूला शिसं कितीतरी कमी मात्रेत बाधतं. श्वासातून रक्तात गेलेलं शिसं दूध-गुळाने निघत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दादांना मी त्यांच्याकडे नेलं. साखर, रक्तदाब, थायरॉईड सगळं तपासून घ्या, म्हणाल्या, पण पेस्टिंगमधली वर्षं केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहिली.

1948 च्या कारखाने कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती, आणि तिच्यात पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं. अमेरिकेत 1978 च्या नियमांनुसार लेड वाढलेल्या कामगाराला खात्यातून हलवलं तरी अठरा महिन्यांपर्यंत त्याची कमाई कापता येत नाही. आमच्या युनियनने हे दोन्ही कागद व्यवस्थापनासमोर ठेवले. कपडे आता कारखान्यातच धुतले जातात. प्रत्येकाला नोकरीला लागल्यापासूनचे आपले सगळे आकडे एका कागदावर मिळतात. भत्त्याचं बोलणं अजून चालू आहे. तोवर पॅकिंगला जाणाऱ्याचा भत्ता आम्ही युनियनच्या फंडातून भरतो. तेव्हापासून तपासणीआधी रजा टाकणारे कमी झाले आहेत.