बटण मशरूम, ‘माल आम्ही उचलतो’ आणि आपलं परस

शिरूर-दौंडकडच्या मित्रांनो, आणि खास करून बचत गटातल्या तायांनो, जरा शेवटपर्यंत वाचा.

“घरामागं बटण मशरूम लावा, माल आम्ही उचलतो” असं सांगत एक जण आमच्या वस्तीवर येऊन गेला. किटचे पैसे आधी भरायचे. मी एवढंच विचारलं, मे महिन्यात खोली गार कशी ठेवायची? उत्तर नाही.

सगळा खेळ तिथंच आहे. बटणाची बुरशी कंपोस्टमध्ये पसरायला २२ ते २५ अंश तापमान लागतं, मशरूम फुटायला १४ ते १८. दौंडचा उन्हाळा चाळिशी गाठतो. थंडीतही दुपारी पत्र्याखाली गारवा टिकत नाही. शिवाय गव्हाचं काड, कोंबडखत, जिप्सम यांचं कंपोस्ट पलट्या मारत करायचं तर साध्या पद्धतीत जवळपास चार आठवडे जातात. वर्षभर हे करायचं तर एसी आणि वीजबिल आलंच. परसातल्या बाईनं कर्ज काढून करावं असं हे काम नाही.

परसात जमते ती धिंगरी. कडक उन्हाळा सोडला तर २० ते ३० अंशांत येते. गव्हाचं, सोयाबीनचं काड चालतं, उसाचं पाचटही चालतं, जे आपण पेटवून देतो. काड भिजवायचं, गरम पाण्यात निर्जंतुक करायचं, पिशवीत बियाण्यासोबत थर द्यायचे. महिन्याभरात पहिली तोडणी.

खरी अडचण विक्रीची. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत मान टाकते. पण रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतली कँटीन जवळच आहेत. उरलेली वाळवता येते.

२०१९ चं कडकनाथ प्रकरण आठवतंय ना? तिथंही ‘आम्ही परत घेतो’ हाच शब्द दिला होता. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले, कोंबड्या दारात राहिल्या.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. नारायणगाव, बारामतीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. मग गावात चौकशी किटवाल्याकडं का होते? कारण तो दारात येतो, सरकारी प्रशिक्षण येत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन मागण्या करा: प्रशिक्षण गावात, बियाणं गटासाठी एकत्र, आणि कँटीनशी बोलणी पंचायत समितीच्या मध्यस्थीनं. तोवर कुणालाही आगाऊ पैसा देऊ नका.

पटलं तर आपल्या गटात पाठवा.