जेवणाच्या घंटेचा पाटा

स्वयंपाकघराबाहेर जेवणाची घंटा म्हणून टांगलेला लोखंडी पाटा माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. तो आपल्या जुन्या पिकअपच्या मागच्या कमानीतला. तो तेथे कसा आला हे लिहिणे आमच्याकडेच येते, कारण तो गाडीला चढवण्याचा निर्णय आमचाच होता.

हिंगोलीच्या बाजारातून धान्याच्या दोन खेपा कराव्या लागत. सारे एकाच खेपेत यावे म्हणून आम्ही मागच्या दोन्ही कमानींत एकेक जाड पाटा वाढवून घेतला. डिझेल वाचले, हिशेबवहीत ते कौतुकाने नोंदवलेही. महिन्याभरात चालकदादा म्हणाले, "सर, रिकामी गाडी जागेवर थांबते, भरली की मागची चाकं धरतच नाहीत." आम्ही तो त्यांच्या वेगाचा दोष मानला. तीनदा त्यांनी सांगितले, तीनदा आम्ही त्यांनाच सुनावले. इतिहासाच्या तासाला साधने पारखायला शिकवणारे आम्ही!

पुढे औंढा नागनाथकडच्या एका उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी धान्याने भरलेली. केबिनमध्ये आमच्या खांद्यावर डोके टेकून तापाने फणफणलेला सातवीचा विद्यार्थी. ब्रेक दाबूनही गाडी घसरत राहिली. दादांनी ती कडेला घातली आणि बाभळीला घासून ती थांबली. इजा कोणालाच झाली नाही. मुलाने फक्त विचारले, "सर, आलं का वसतिगृह?"

बैठकीत भंगारातल्या गाडीचे एबीएस आणून बसवावे, अशी सूचना आली. नव्या प्रवासी मोटारींना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे, असा आधारही दिला गेला. गाडीखाली झोपून पाहणाऱ्या वयस्कर मिस्त्रींनी ती एका वाक्यात निकाली काढली: जाम होणाऱ्या चाकावरचा दाब सोडणे हे एबीएसचे काम, आणि इथे चाकाला पुरेसा दाबच पोहोचत नाही. शिवाय त्याचे सेन्सर आणि संगणक ज्या गाडीच्या वजनासाठी जुळवलेले, त्याच गाडीला ते शोभतात.

मग त्यांनी मागच्या आसाला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह दाखवला. माल भरला की गाडी मागून बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊ नयेत म्हणून एरवी तो कमी ठेवलेला असतो. आमच्या जाड पाट्यामुळे गाडी बसेचना. ओझे पुरे लादलेले, तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच.

मागची ब्रेकनळीही गंजलेली निघाली. ती ठोकून बंद करा, पुढचे ब्रेक पुरतील, असे एकाने सुचवले होते. मिस्त्रींनी ऐकले नाही. त्याच मापाची नवी पोलादी नळी, नवे ब्रेक ऑइल, चारही चाकांतून हवा काढणे, दोन्ही पाटे उतरवून दांडीचे माप पूर्ववत करणे, यात दोन दिवस गेले.

आम्ही बैठकीत सर्वांसमक्ष चालकदादांची माफी मागितली. ते अवघडून उभे राहिले. मग म्हणाले, "ते असू द्या, सर. पण धान्याच्या आता दोनच खेपा."