ताईचं टोरांटो

परदेशच्या सहलींची वर्णनं वाचून तुम्ही कंटाळला असाल, ठाऊक आहे मला. पण यंदा उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही कॅनडातल्या टोरांटोला जाऊन आलो, आणि त्यातलं थोडं तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिथे माझी थोरली बहीण असते. बावीस वर्षं झाली. दर रविवारी फोनवर आईला म्हणते, "सगळं छान आहे गं." आणि फोन ठेवला की आई म्हणते, "छान म्हणजे काय, ते काही सांगत नाही पोर." म्हणून हे, मी आणि दोन्ही मुलं निघालो, तेव्हा गुडघेदुखी विसरून आईही निघाली. "तुमचे ते मनोरे-बिनोरे तुम्ही पाहा. मला ती कशी राहते ते पाहायचंय."

ह्यांनी अर्थातच यादी करून ठेवली होती. पहिला नंबर सीएन टॉवरचा. उंची 553 मीटर. 1976 साली तो लोकांना खुला झाला आणि 2007 पर्यंत तारांच्या आधाराशिवाय उभी असलेली इतकी उंच वास्तू जगात दुसरी नव्हती. बांधली कुणी, तर रेल्वे कंपनीनं! लिफ्ट मिनिटाच्या आत वर नेते. वर एके ठिकाणी जमीनच काचेची आहे, पायाखाली 342 मीटर नुसती हवा. मुलं तिच्यावर पालथी पडून खालच्या मोटारी मोजत होती. हे मात्र "फोटो इथूनच चांगला येतो" म्हणत कडेला उभे.

आई खिडकीशी गेली. "थोरलीचं घर कुठंय?" आम्ही पूर्वेकडे, स्कारबरोच्या दिशेला बोट केलं. हिरव्या झाडीत ठिपक्यांसारखी घरंच घरं. "त्यातलं कुठलं?" ते कुणालाच सांगता येईना. ताई कामावर गेलेली.

दुसऱ्या दिवशी कासा लोमा. म्हणजे टेकडीवरचं घर. घर कसलं, 98 खोल्यांचा किल्लाच! विजेच्या धंद्यात पैसा केलेल्या हेन्री पेलॅट नावाच्या गृहस्थानं तो 1911 ते 1914 या काळात बांधला. घोड्यांच्या पागेपर्यंत जमिनीखालून भुयार काढलं. पोहण्याचा तलाव मात्र अर्धाच राहिला. पुढे कर्ज आणि कर झेपेनात, तेव्हा दहा वर्षंही न राहता नवरा-बायकोला घर सोडावं लागलं. सामानाचा लिलाव झाला. मी हळहळले. आई जिने मोजत म्हणाली, "बाई गं, एवढं झाडायचं कोणी?"

नायगऱ्याबद्दल मी लिहीत नाही. सव्वाशे किलोमीटरवर आहे, एका दिवसात जाऊन येता येतं, आणि रेनकोट देतात तरी चिंब भिजायला होतं. मुलांचे जादा कपडे घ्या म्हणजे झालं.

आता ताईचं ऐका. ती शहराच्या मध्यभागी एका कचेरीत हिशेबाचं काम करते. घरून बस, मग भुयारी रेल्वे, आणि उतरल्यावर पुन्हा भुयारच. तिथे उंच उंच इमारती जमिनीखालून जोडणारे रस्ते आहेत, त्यांना 'पाथ' म्हणतात. सगळे मिळून तीस किलोमीटरहून जास्त! दुकानं, खाणावळी, सगळं आतच. थंडीत ताईला अंधारात निघून अंधारात परतावं लागतं. शनिवारी कपडे, वाणसामान, आठवड्याची भाजी चिरून ठेवणं. तुमच्याआमच्यासारखंच की! फक्त भांडीवाली नाही आणि शेजारी हाक मारायला कुणी नाही. आईनं चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी फर्मान काढलं, "उद्या रजा घे."

ताईनं बावीस वर्षांत यादीतलं एक ठिकाण पाहिलं नव्हतं, तिथे आम्ही तिलाच घेऊन गेलो. शहरासमोर ऑन्टारिओ सरोवरात बेटं आहेत. पूर्वी ती जमिनीला जोडलेली होती; 1858 च्या वादळानं मध्ये खिंडार पाडलं आणि बेटं झाली. ताईच्या कचेरीपासून बोटीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ! "जाऊ जाऊ म्हणत राहिलं," ती म्हणाली.

बोट पंधरा मिनिटांत पोचवते. परतीचं भाडं तिकिटातच येतं. शनिवार-रविवार टाळा, फार मोठी रांग लागते. पाण्यावर वारा बोचतो, तेव्हा जून असला तरी स्वेटर हवाच. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं. तिथले मोठाले हंस धिटाईनं डब्याशी येतात, सांभाळून बसा.

बेटावर खाजगी मोटारी नाहीत. पूर्वेच्या टोकाला लहान लहान लाकडी घरं, दारात फुलझाडं, कुंपणाला टेकवलेल्या सायकली. बारमाही राहतात लोक. ही घरं कुणालाही विकता येत नाहीत. घेऊ इच्छिणाऱ्यांची 500 नावांची यादी असते आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात. एका ओट्यापुढे ताई बराच वेळ उभी होती. "माजघर केवढंसं असेल नाही?" एवढंच बोलली.

संध्याकाळी परत फिरलो. साडेआठ वाजून गेले तरी उजेड होता. समोर सगळं शहर पाण्यातून वर आल्यासारखं उभं. ताई कठड्याला धरून म्हणाली, "एवढं सुंदर दिसतं होय गं हे?" मग आईला जवळ ओढून दाखवू लागली, "ती बघ, तपकिरी इमारत. तिच्या मागची माझी. आणि घर तिकडे, उजव्या हाताला, लांब." आईला काय दिसलं कोण जाणे, पण ती मान हलवत होती.

परत आल्याला आता महिना झाला. परवाच्या रविवारी ताईचा फोन आला, तर मागे बोटीचा भोंगा! कचेरीतल्या दोन मैत्रिणींना घेऊन निघाली होती. आईनं विचारलं, "डबा नेलास का?"