लॉगमध्ये काहीच नाही

आमच्या तीर्थरूपांनी गाडी ठोकली. तशी फार नाही. सोसायटीच्या गेटपाशी थांबता थांबता पुढच्या स्कूटरला हलकासा धक्का. स्कूटरवाल्या काकूंनी ऐकवायचं ते ऐकवलं. पण महिन्याभरातली ही दुसरी वेळ होती.

"अरे, ब्रेक दाबला होता मी. पायाखाली करकर झालं आणि गाडी पुढे सरकली."

बाबांचं वय ६६, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी गाडी घेऊन दोन चकरा मारून आलो. काही झालं नाही. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मग युजरने बग सांगितला आणि आपल्या मशीनवर तो दिसला नाही की आपण सगळे जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "बाबा, आता गाडी चालवणं बंद करा."

ते काही बोलले नाहीत. किल्ली खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून मंडईत रिक्षाने जायला लागले. आई माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

डोक्यात मात्र ते 'करकर' अडकून बसलं. आमची गाडी २०१२ ची. भारतात नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. तोवर ते बऱ्याच गाड्यांत वरच्या मॉडेललाच मिळायचं आणि बाबांनी हट्टाने जास्तीचे पैसे भरून तेच घेतलं होतं. एबीएस चालू झालं की पेडल थरथरतं हे कुठेतरी वाचलेलं. पण ते घसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर. गेटपाशी, ताशी दहाच्या वेगात कशाला?

रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर गेलो आणि या वेळी गाडी बाबांसारखी चालवली. म्हणजे पन्नास मीटर आधीपासून हळूहळू ब्रेक दाबत. मी नेहमी उशिरा आणि जोरात दाबतो. चौथ्या खेपेला अगदी थांबता थांबता पायाखाली करकर झालं आणि गाडी हातभर पुढे गेली. च्यायला!

मग एबीएसचा फ्यूज काढला. (दिवा लागतो, साधे ब्रेक चालू राहतात, पण चाक लॉक होऊ शकतं, त्यामुळे हा प्रयोग रिकाम्या रस्त्यावर आणि हळूच.) दहा वेळा थांबलो. एकदाही करकर नाही. म्हणजे ब्रेक ठीक, आणि बाबांचा पायही ठीक. खोटं बोलत होतं ते एबीएस.

मोठ्या वर्कशॉपने पूर्ण एबीएस युनिट बदला म्हणून सांगितलं, बेचाळीस हजार. माझ्याकडचं ब्लूटूथवालं स्वस्तातलं यंत्र फक्त इंजिनचे कोड वाचतं, ब्रेकचं त्याला कळत नाही. शेवटी नाना पेठेजवळच्या एका मामांच्या गॅरेजात गेलो. त्यांच्या स्कॅनरवरही कोड नव्हता. पण मामांनी चारही चाकांचा वेग स्क्रीनवर लावला आणि मला म्हणाले, "तू चालव, मी बघतो." तीन चाकं ताशी आठ दाखवत असताना पुढचं डावं मधूनच शून्यावर जात होतं.

त्याचा अर्थ असा. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तार. समोर दात असलेली लोखंडी रिंग फिरते, दर दाताला विजेचा एक ठोका पडतो. ठोके मोजून कंप्युटर वेग काढतो. वेग कमी झाला की ठोके आधीच अशक्त होतात, त्यात एखादा गळला की कंप्युटरला वाटतं चाक लॉक झालं, आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडून देतो. भरधाव असताना हाच दोष लपतो. दिवा लागत नाही, कारण त्याच्या मते सगळं व्यवस्थित चाललंय!

मला वाटलं सेन्सर गेला. मामांनी मल्टिमीटर लावला: ११०० ओहम, उत्तम. मग चाक काढून टॉर्च मारला आणि ड्राइव्हशाफ्टवरची रिंग बोटाने फिरवत नेली. एका जागी बारीक चीर. खालच्या गंजाने फुगून रिंग तडकली होती, दोन दातांमधलं अंतर वाढलं होतं. "गाडी कोकणात होती का?" मामांनी विचारलं. बाबांची बदली रत्नागिरीला होती, सहा वर्षं. खारं वारं.

रिंग तापवून बसवली. मजुरीसकट अठराशे रुपये.

संध्याकाळी किल्ली बाबांच्या हातात दिली आणि तडकलेली रिंग टीपॉयवर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. "सॉरी" म्हणायचं मी ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. ते म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ."

सिग्नलला नेहमीसारखा त्यांनी लांबूनच ब्रेक दाबायला सुरुवात केली. मी शेजारी बसून नकळत पाय जमिनीत रोवला.

"तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये," बाबा म्हणाले.