रविवारचा पसारा

खळ. मैदा गुठळी न होऊ देता पाण्यात कालवायचा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद घालायचा. मोरचुदामुळे झुरळं नि कसर खळीला तोंड लावत नाहीत. मोरचूद विषारी असतो हे आईच्या कानावर गेलं त्या दिवशी ते पातेलं स्वयंपाकघरातून हद्दपार झालं. एक कान तुटलेलं, आतून निळसर पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. पुढे त्यात खळीखेरीज काही शिजलं नाही.

कामट्या. दसरा झाला की बाबा बुरूड आळीतून बांबू आणायचे. कोयत्याने चिरायचे, मग सुरीने तासत बसायचे, बोटात कूस जाणार नाही इतपत. सगळ्या कामट्या सारख्या लांबीच्या हव्यात. एक जरी सूतभर कमी-जास्त झाली तरी कंदील एका अंगाला कलतो आणि दिवाळीभर तसाच कललेला दिसतो. चौकोन दोऱ्याने बांधायचे, कोपऱ्याला कोपरा जोडायचा, मग पतंगी कागद. ओल्या हाताने शिवायचं नाही, रंग उतरतो. झिरमिळ्या कापायचं काम आम्हा मुलांकडे, कारण त्या वाकड्या गेल्या तरी वाऱ्यात कोणाला कळत नाही. दिवाळी झाली की कागद फाडून सांगाडा माळ्यावर जायचा आणि धड राहिला तर पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवा कागद चढायचा. हल्लीचा कंदील घडी घालून डब्यात येतो. दिसतो छान, खोटं कशाला बोला.

सरस. बाजारात वड्या मिळायच्या, मधाच्या रंगाच्या, काचेसारख्या. रात्री पाण्यात भिजत घालायच्या आणि सकाळी एका डब्यात पाणी उकळून त्यात दुसरा डबा ठेवून वितळवायच्या. थेट विस्तवावर ठेवलात तर करपतो आणि चिकटपणा जातो. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, त्यामुळे वास असा की हा कार्यक्रम गॅलरीतल्या स्टोव्हवरच व्हायचा, तोही शेजारी जेवायला बसायच्या आत. फेव्हिकॉल 1959 साली आला होता, आमच्या घरीही होता. पण दिवाण केला तेव्हा बाबांनी हट्टाने सरसच वापरला. फेव्हिकॉलचा सांधा सोडवायला गेलं तर लाकूड फाटतं. सरसाचा सांधा गरम पाण्याने, वाफेने सुटतो. पुढे दिवाणाचा एक पाय खिळखिळा झाला तेव्हा तो सांधा वाफेवर धरून सोडवला, जुना सरस खरवडला, नवा लावला. रात्रभर शिकंजात आवळून ठेवला आणि सकाळी बाबा स्वतः त्यावर बसून बघून आले. जिथे तिथे त्यांचं हेच असायचं: आधी उघडायचं कसं, ते बघ.

राळ. सोल्डरिंगची. गरम सोल्डरिंग आयर्न राळेत बुडालं की चर्र आवाज आणि धुराची एक सरळ रेघ. तपकीर गल्लीतून रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर कागदाच्या पुडीत यायचे, भेळेच्या पुडीसारखेच बांधलेले. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार ओहम, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. रेडिओ तयार झाला, त्यावर मीडियम वेव्ह लागायचं, विविध भारती खरखरत यायचं. प्लायवूडची पेटी मात्र कधीच पुरी झाली नाही. बाबांना वाजेपर्यंतच रस. वाजायला लागला की पुढचं काम. आई त्या उघड्या तारांवर विणलेला रुमाल टाकायची आणि बाबा तो काढायचे. परवान्याचं पुस्तक मात्र जपून ठेवलेलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागायचे, हे आताच्या मुलांना सांगितलं तर त्यांना आपण थापा मारतोय असं वाटतं.

किटकॅट फ्यूज. चिनी मातीचा, पांढरा, मध्ये तार. लाईट गेले की आधी गॅलरीत जाऊन समोरच्यांचे आहेत का बघायचं. समोरचे असले तर मग मेणबत्ती, स्टूल आणि मी. ‘धर. हलवू नकोस.’ यापलीकडे बाबा बोलत नसत.

अँटेना. मुंबईचं दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसायला लागलं. सिंहगडाकडे तोंड करून उभा असलेला तो ॲल्युमिनियमचा सापळा वाऱ्याने किंवा कावळ्याने फिरायचा. बाबा गच्चीवर, मी जिन्यात, ताई टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘मुंग्याच आहेत!’

अ‍ॅग्फा क्लिक थ्री. बडोद्यात बनायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटोआधी घरात चर्चा. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशी चित्रं. रोल न्हाणीघरात धुतला जायचा. खिडकीला गोधडी, आत मिट्ट काळोख आणि दाराबाहेर धुण्याची बादली घेऊन उभी राहिलेली आई. या छंदावर आईचा राग होता आणि मला वाटतं तो रास्तच होता. बारापैकी आईचा फोटो जेमतेम एखादा, तोही पाठमोरा. उरलेले सगळे सिंहगड, ढग आणि आमची सायकल.

थर्माकोलचं मखर. ट्रान्सफॉर्मरला जोडलेली नायक्रोमची तापलेली तार, त्यातून पांढऱ्या कमानी कापल्या जायच्या. कणांचा कचरा गौरी गेल्या तरी कोपऱ्यात सापडायचा. 2018 साली राज्याने थर्माकोलवर बंदी घातली, ते बरंच झालं. याच्यासाठी हळहळ नाही.

दाभण आणि पुठ्ठा. दिवाळी अंक शिवून बांधायचे. अंक वाचायला कोणी मागितला तर बाबा म्हणायचे, बांधून होऊ दे.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. हातातला फोन उलटा करून ते अजून स्क्रू शोधतात. कुठेच नाही म्हटल्यावर नखाने कडेची फट चाचपतात. परवा त्यांनी दुकानदाराला विचारलं, हा उघडतात कुठून? तो म्हणाला, काका, उघडायचा कशाला, एक्स्चेंजमध्ये द्या. बाबा फोन खिशात घालून निघाले.

गेल्या महिन्यात आईने माळा आवरायला काढला. भंगारवाल्याने पितळेच्या कड्या, तांब्याची तार आणि ट्रान्सफॉर्मर वेगळा काढला, तराजूला लावला. बाकीचं, म्हणजे कंदिलाचा सांगाडा, सरसाचे डबे, किटकॅट, डालड्याच्या डब्यातले स्क्रू, त्याने पायाने बाजूला सारलं. म्हणाला, याचं काही येत नाही, नेऊ का फुकट? आई ‘ने’ म्हणेपर्यंत बाबांनी डालड्याचा डबा उचलला होता.